उर्मिलाचा आवाज माझ्यापाशी होता

मित्रांनो, चिखलीच्या एका शाळेत मोडक्या बाकांची खोली आहे. तिथे खिडकीत एक चपटी लोखंडी डबी पडलेली दिसेल. ती मी. एक जुनी हार्ड डिस्क. संगणकाला जे जे लक्षात ठेवायचं असतं, ते तो माझ्यासारखीच्या पोटात ठेवतो.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीचा कणही चालत नसे. इथे आले, तर समोरच्या सरकी काढायच्या जिनिंगचा कापूस खिडकीतून आत येत होता! सोबत माझी जुळी बहीण होती, अगदी माझ्यासारखी. संगणक शिकवणाऱ्या रामराव सरांनी आम्हाला एकाच संगणकात बसवलं. बहीण पहिली, मी दुसरी. बहिणीचे दोन कप्पे होते आणि त्यांत रोजचं काम. माझा एकच मोठा कप्पा, त्यात मुलांची गाणी आणि भाषणं.

त्यातच उर्मिलाचं भाषण होतं, ‘आमची शेळी’. सुरुवातीलाच ती विचारते, “सुरू झालं का, सर?” मग धीटपणे सांगते, “आमची शेळी माह्या आईपेक्षा जास्त बोलते.” सगळा वर्ग हसतो.

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि उर्मिला गेली.

तिची आई, सिंधूताई, मोंढ्यात धान्य निवडायला जायची. बाजाराच्या दिवशी ती दाराशी येऊन उभी राहायची. “सर, माह्या पोरीले ऐकवता का थोडं?” कानांवर हेडफोन लावून ती शेळीच्या वाक्याला दर वेळी हसायची. मग पदराने हेडफोन पुसून परत द्यायची. “तुम्हाला सीडी करून देतो,” असं सर म्हणायचे. ते राहून जायचं.

मग शाळेत नवे संगणक आले. ते सगळे जोडायचे, तर आमच्या संगणकाचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा मुख्य संगणक, करायचा ठरला. बहिणीला पुसून तिच्यावर नवी प्रणाली टाकायची, मला हात लावायचा नाही.

त्याआधी दसरा आला. पाटीपूजनाला सर म्हणाले, “नुसत्या डब्याले काऊन कुंकू लावायचं? आतलं काळीजच पाटावर ठेवू.” त्यांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. किती मान वाटला मला! पण परत बसवताना सरांनी वायरी उलट जोडल्या. मी पहिली झाले, बहीण दुसरी.

दसरा झाल्यावर दुरुस्तीवाले फकीर मोहम्मद आले. आत डोकावून, आमच्यावरचं कुंकू बघून हसले. “सर, यांचं तर लगीन लावलं तुम्ही!”

नवी प्रणाली काही बसेना. नवा कप्पा करायला जागा नाही, असं पडद्यावर येत राहिलं.

“सर, पहिल्या डिस्कवर एकच कप्पा दिसून राह्यला. तुम्ही तर दोन सांगले होते.”

“अहो फकीरभाई, मी माह्या हातानं बसवली. पहिली म्हणजे पहिलीच. मिटवा तो.”

फकीरभाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दुसरी डिस्क उघडून बघायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. कळ दाबली गेली आणि माझ्यावर नवं काहीतरी उमटत गेलं.

बहिणीच्या पोटातलं रोजचं काम तसंच दिसलं, तेव्हा सरांना चूक कळली. फकीरभाईंनी मला दुकानात नेलं, जेवण विसरून माझ्या तळाशी चाचपलं. थोडंसं हाती लागलं.

बाजाराच्या दिवशी सिंधूताई आली. सरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. “ताई, उरलं तेवढं ऐका.”

तिने हेडफोन लावला.

“सुरू झालं का, सर?” उर्मिलाने विचारलं. पुढे नुसती खरखर.

“हाव माय, झालं सुरू,” सिंधूताई हळूच म्हणाली. “बोल तू.”

आणि ती वाट पाहत बसली. सरांना हेडफोन मागवेना.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी गात असेल, बोलत असेल, तर तो आवाज एकाच जागी ठेवू नका. दुसरी प्रत आजच करा, उद्यावर टाकू नका. काही मिटवायचं झालं, तर आधी उघडून बघा, दोनदा बघा. ते कुंकू अजून माझ्या पाठीवर आहे. कळ दाबली त्या दिवशी मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्यापाशी स्वतःचा आवाज नव्हता. होता तो उर्मिलाचा.