बोटभर उंच

मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून, कमरेत वाकून भिंगरी आईच्या चालण्याचा व्हिडिओ घेत तिच्या मागे मागे सरकत होती.

"पायांकडे नको बघूस. समोर बघ."

"समोर भिंत आहे."

"मग भिंतीकडे बघ. आणि जरा भरभर चाल ना, आई."

"सांधा नवा बसवलाय, इंजिन नाही," आई म्हणाली आणि आपल्या बेताने पॅसेजच्या टोकाला जाऊन वळली.

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. बसली तर पाय हलायचा, उभी राहिली तर सगळीच हलायची. लांब उडीत तिची क्रीडा वसतिगृहासाठी निवड झाली होती आणि सोमवारी तिथे हजर व्हायचं होतं. पण घरात या दोघींशिवाय तिसरं माणूस नव्हतं. आई एकटी चालू शकते, असं फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या तरच जायचं, ही अट तिने स्वतःच स्वतःला घातली होती आणि आता ती चपलेतल्या खड्यासारखी टोचत होती.

आईचं शिवणकाम. दिवसभर टेबलाशी उभं राहून कापड बेतायचं. उजव्या खुब्याचा सांधा झिजत गेला तशी तिची चाल बिघडली. उजवा पाय टेकला की सगळं अंग उजवीकडे कलायचं. त्या पायावर भार नको म्हणून डावा पाय घाईघाईने पुढे यायचा आणि अर्ध्यातच टेकायचा. भिंगरी शाळेच्या पहिल्या वर्गांत होती तेव्हापासून ती आईच्या उजव्या हाताला असायची, आपल्या डाव्या खांद्यावर तिचा भार घेत. बाजारात, जिन्यावर, कुठेही. काठी घ्या म्हटलं की आई म्हणायची, "आहे की माझ्याकडे, चालतीबोलती. जरा जास्तच बोलती."

दवाखान्याच्या फाटकातून दोघी आत शिरल्या त्याही तशाच, हातात हात अडकवून. मॅडम दारातच उभ्या होत्या, त्यांचाही मोबाइल यांच्यावर रोखलेला.

आत गेल्यावर त्यांनी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पॅसेजमधली आई हळू, पण सरळ चालत होती. फाटकातली आई मात्र पावलागणिक उजवीकडे झुकत होती, अगदी ऑपरेशनच्या आधीसारखी.

भिंगरी खुर्चीत पुढे सरकली. "ती दमलीय आज. परत घ्या ना. आई, ऊठ, चाल बरं परत."

"आईला बसू दे," मॅडम म्हणाल्या. "तू हिच्या कुठल्या बाजूला असतेस?"

"उजव्या. दुखऱ्या."

"तिथेच घोटाळा आहे. आधार दुसऱ्या बाजूला हवा, काठी असली तरी. दुखऱ्या बाजूला कोणी हात दिला की अंग तिकडेच पडतं. आणि आता तर दुखतही नाही, नुसती सवय उरलीय. तू हात धरलास की जुनी चाल, सोडलास की नवी."

"म्हणजे मी गेले तर चालेल?"

"गेलीस तर उलट बरंच होईल."

हेच ऐकायला ती आली होती. खुर्चीतून उडीच मारायला हवी होती. ती मोबाइलची काच कुर्त्याला पुसत बसली, स्वच्छ झाल्यावरही.

परतताना आई एकटी पुढे चालू लागली. भिंगरी उजवीकडे आली, मग चूक लक्षात येऊन डावीकडे गेली, मग मागेच राहिली. हाताचं काय करावं ते कळेना. खिशात घातला, काढला, वेणी ओढून पाहिली.

"आई, खाली बघ, खड्डा आहे."

"समोर बघायचं ना?"

"खड्डा असला तर नाही."

आईने खड्डा ओलांडला. भांड्यांच्या दुकानाच्या मोठ्या काचेपाशी ती थांबली. काचेत पुढे ती होती आणि मागे लेक. आई बराच वेळ बघत राहिली. भिंगरीला वाटलं, पातेली बघतेय.

घरी आल्या आल्या आईने गळ्यात टेप अडकवली. टेबलावर वसतिगृहासाठीचं जाकीट खडूने आखून ठेवलेलं होतं.

"उभी राहा."

"माझं माप पाठ आहे म्हणतेस ना?"

"तेच तर. पाठ आहे म्हणून इतकी वर्षं घेतलंच नाही. डावा खांदा बोटभर उंच, की झालं."

"माझी ठेवणच तशी आहे. तूच म्हणतेस."

"मीच म्हणायचे," आई म्हणाली.

तिने लेकीच्या डाव्या खांद्यावर तळहात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग टेबलाशी वळली, ब्रशने खडूची रेघ झटकली आणि पट्टी ठेवून दोन्ही खांदे एका पातळीत आखले.

"आई, असं नाही बसणार मला. चुण्या पडतील."

"पडू देत सुरुवातीला."

कात्री कापडात शिरली. भिंगरी टेबलापलीकडे उभी होती, या पायावरून त्या पायावर. कापून झालेला तुकडा उजेडात बघायला आई खिडकीकडे निघाली, कशालाही न धरता. तिने पहिलं पाऊल टाकलं तसा भिंगरीचा डावा खांदा वर गेला.

तो तिथेच राहिला क्षणभर. मग तिने तो खाली आणला.