पाण्याला घाबरणारे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. होडीच्या इंजिनाने असे म्हणावे, याचे तुम्हाला हसू येईल. पण माझा जन्म होडीसाठी झालाच नव्हता. मी गवत कापायच्या यंत्रातले इंजिन. एका शाळेच्या मैदानावर सहा वर्षे राबले. पाऊस आला की माळीकाका आधी मला छपराखाली न्यायचे आणि मग स्वतः आत यायचे. "पाणी आत गेलं की इंजिन संपलं," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते, की आभाळ नुसते भरून आले तरी माझा धीर सुटायचा.

पुढे शाळेने नवे यंत्र आणले आणि मी भंगारात गेले. तिथून मला एका ताईने उचलले. ती शिलाई मशिनी दुरुस्त करायची. तिचे मोठे भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, होडीतून माणसांना नदीपलीकडे पोचवत. वल्ही मारून मारून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. सदऱ्याच्या बाहीत हात घालतानाही ते दात आवळायचे. ताईला ते बघवेना.

"दादा, मी तुला मोटर करून देते," ती एक दिवस म्हणाली.

दादांनी मला उलटसुलट करून पाहिले. "चिमे, हे गवत कापायचं यंत्र. हे काय नदी कापणार होय?"

ते दोघे हसले. मला मात्र कापरे भरले. नदी!

ताईने पाच महिने माझ्यावर काम केले. मला एका लांब नळीच्या वरच्या टोकाला बसवले. नळीतून लोखंडी दांडा खाली नेला. जिथे गवत कापायचे पाते होते तिथे पत्र्याचा पंखा लावला. दोन पंखे वाकडे झाले, तिसरा जमला. पहिली चाचणी ताईच्या दुरुस्तीच्या दुकानातच पाण्याच्या पिंपात झाली. तिने दोरी ओढली, मी सुरू झाले आणि पिंपातले अर्धे पाणी भिंतीवर, छतावर आणि ताईच्या चष्म्यावर गेले. ती ओल्याचिंब अंगाने नाचली. मी मात्र ते भळाभळा वाहणारे पिंप पाहून थिजले होते.

होडीवर मला चढवताना तिने दादांच्या हातात पितळेच्या बारीक पिनांची डबी दिली. "पंखा या पिनेवर अडकवलाय. दगड लागला की पिन तुटेल. तुटू दे. ती तुटली म्हणजे आतली चाकं वाचली. नवी घालायची आणि निघायचं. आणि उथळ पाण्यात मोटर वर उचलायची, विसरू नकोस."

दोन वर्षे मी नदीवर काम केले. लोक मला फटफटी म्हणत. दादांचा खांदा सुधारला, ते शीळ वाजवत होडी हाकू लागले. सगळे माझे कौतुक करत. पण मित्रांनो, खरे सांगते, त्या दोन वर्षांत मी एकदाही निश्चिंत नव्हते. पाणी माझ्यापासून हातभर खाली असायचे. होडी जराशी कलली, की मला वाटायचे, आता गेले.

हळूहळू दादा बेफिकीर झाले. उथळात मला उचलायचा त्यांना कंटाळा येई. एका आठवड्यात तीन पिना तुटल्या आणि डबी रिकामी झाली. ताईकडे मागायच्या, तर ती विचारणार, इतक्या कशा तुटल्या? दादांनी इकडेतिकडे पाहिले आणि पिनेच्या जागी एक जाड खिळा ठोकला. "आता तुटून दाखव," ते मला म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी होडी थोपवायचा नांगराचा दगडही काठावर उतरवून ठेवला. उगीच वजन कशाला, म्हणून.

मी सगळे पाहत होते. ओरडून ताईला सांगावेसे वाटत होते. पण आवाज एकच येत होता, फटफट, फटफट.

चार दिवसांनी दुपारी होडीत ताई होती. पलीकडच्या शिंप्याची मशीन दुरुस्त करून ती परत येत होती. सोबत लसींचा डबा मांडीवर घेतलेल्या नर्सबाई होत्या. वरच्या धरणातून पाणी सोडले होते आणि नदी गढूळ, वेगवान झाली होती. बरोबर मध्यावर एक ओंडका पाण्याखालून आला आणि माझ्या पंख्यात घुसला. खिळा तुटला नाही. आतली चाके तुटली. कडकड असा आवाज झाला आणि मी बंद पडले.

होडी वाहू लागली. खाली, हाकेच्या अंतरावर, बंधारा होता. पाणी त्याच्यावरून कोसळत होते. तो आवाज आधी घोंघावल्यासारखा होता, मग त्यापुढे माणसांचे बोलणे ऐकू येईना.

दादांनी वल्ही उचलली. चार-पाच हात मारले आणि खांदा धरून खाली बसले. "नांगर टाक!" ताई ओरडली.

"काठावर आहे," दादा ओरडले.

नर्सबाईंनी लसींचा डबा घट्ट धरला होता.

ताईने एकदा बंधाऱ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग ती माझे स्क्रू सोडवू लागली. मला कळले, आणि कधी नव्हे इतके मी घाबरले.

"अगं, पाच महिने घातलेस तू याच्यात!"

"दादा, दोरी बांध!"

काठाला होडी बांधायची दोरी त्यांनी माझ्या नळीला आवळली. ताईने मला उचलले, क्षणभर छातीशी धरले आणि फेकले.

पाणी माझ्या नाकातोंडातून, पोटातून, प्रत्येक फटीतून आत आले. काळोख आणि गारठा. मी तळाशी आपटत, घरंगळत गेले. आणि मग माझा पंखा दोन खडकांच्या मध्ये अडकला. दोरी ताणली गेली आणि होडी थांबली. मी प्राणपणाने धरून राहिले. पंखा वाकत होता. वर तिघेजण होते, एवढेच मला माहीत होते.

कोळ्यांची मोठी होडी त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. तिघे वाचले. पूर ओसरल्यावर मलाही वर काढले.

ताईने मला दुकानात उघडले, तेव्हा ती रडत होती. "माझंच काहीतरी चुकलं. माझ्यामुळे नर्सबाई मेल्या असत्या. आता मी नाही काही बनवणार." तिने पाने-पकडी खोक्यात भरायला घेतल्या. पंखा चिखलाने माखलेला होता, आतले काहीच दिसत नव्हते. दादा दारात उभे होते. ते आता गप्प राहतील याची मला जशी भीती वाटली, तशी नदीच्या तळाशीही वाटली नव्हती.

मग ते आत आले आणि चिखल पुसून म्हणाले, "चिमे, हे बघ. इथं खिळा आहे. मी ठोकला. तुझं काही चुकलं नाही."

ताई पुष्कळ रागावली. चार दिवस दादांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने खोके उघडले. दादांची आताची मोटर तिनेच नंतर बनवलेली आहे. मी पुन्हा सुरू होऊ शकले नाही. दुकानात फळीवर असते, गंजलेले.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. एखाद्या यंत्रात तुम्ही काही बदलले, काही काढून ठेवले, काही विसरलात, तर ते ज्यांनी बनवले त्यांना वेळेवर सांगा. रागावतील, रागावू द्या. आम्हाला सगळे दिसत असते, पण सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येते.