चार बोटं दाराकडे

मास्तरांना आयुष्यभर एकच व्यसन होतं, दुसऱ्याच्या चुका काढायचं. दारू-तंबाखूला कधी शिवले नाहीत, त्यामुळे याला कुणी व्यसन म्हणत नसे, हुशारी म्हणत. धंदा छतांचा. लोकांच्या घरी जाऊन प्लास्टरची नक्षी करायची, कडेनं झालर आणि मधोमध एक मोठं फूल. ठेंगणी, कोंदट खोलीसुद्धा मास्तरांचा हात लागला की ऐसपैस वाटायची. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या दोऱ्या ताणायच्या आणि जिथं त्या एकमेकींना छेदतील तिथं फूल बसवायचं, इतकी साधी रीत. पण काम झाल्यावर मास्तर फरशीवर उताणे पडून तासभर वर बघत, आणि केसाएवढा फरक दिसला तरी फूल फोडून पुन्हा करत.

स्वतःच्या घराचं छत मात्र कोरं होतं. दिव्याखाली अंधार. बायकोनं कधी विषय काढलाच, तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून गप्प करत. गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. बिचारीनं जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, उलट शिकूनच घेतलं होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं घरातल्या खिडकीसाठी निळा पडदा शिवला. हातानं, चौदा दिवस बसून. घरात पाहुणे चहा पीत होते, तेव्हा मास्तर खुर्चीवर चढले, पडदा काढला आणि तिच्या मांडीवर टाकला.

"डावीकडे बोटभर आखूड आहे. डोळे आहेत की बटणं?"

पाहुणे पोट धरून हसले. तीही हसली, कारण रडायला पाहुण्यांत जागा नव्हती. पडदा तिनं ट्रंकेत तळाशी ठेवला. पुढं अडतीस वर्षं ते वाक्य घरात रोज वाजत राहिलं. चादर घातली, भांडी लावली, वेणी घातली, काहीही केलं तरी डोळे आहेत की बटणं.

मग एका सकाळी मास्तर पलंगावरून उठायला गेले आणि डोळे सोडून सगळं अंग निकामी झालं. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, असं बोलत जा त्यांच्याशी." त्यांना सगळं कळतं, हे ऐकून मास्तरणीला जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता, म्हणून तिनं सांगितला नाही.

महिन्याभरानं तिनं मास्तरांच्या सगळ्यात जुन्या शिष्याला बोलावलं.

"त्यांना दिवसभर वरच बघायचं असतं," ती म्हणाली. "कोरं छत किती बघतील? खोलीचं रूप पालटून टाक. फक्त फूल मधोमध नको, चार बोटं दाराकडे घे."

मापं घ्यायला चढलेला शिष्य शिडीवरून पडायचाच बाकी राहिला. "काकू, मास्तरांच्या डोक्यावर वाकडं फूल? हात झडतील माझे."

"त्यांचीच इच्छा आहे. विचार की. दोनदा पापणी मिटली की हो समज, एकदा मिटली की नाही."

ती हे बोलली तेव्हा मास्तरांची नजर तिच्याकडे वळली. तिनं ती नजर अडतीस वर्षांत पहिल्यांदाच खालून वर येताना पाहिली.

शिष्य खाली उतरून पलंगाशी वाकला. "मास्तर, फूल दाराकडे सरकवू?"

मास्तरांनी पापण्या मिटल्या. दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा, घट्ट, दोनदा.

"बघ, किती हौस आहे," मास्तरीण म्हणाली.

शिष्यानं डोळे पुसत पुसत काम केलं. मोठ्या माणसाची लहर, आपण कोण विचारणारे! झालर सुरेख झाली, पाकळ्या तर जिवंत. खोली खरंच पालटली. आणि त्या सगळ्या देखणेपणात फूल चार बोटं दाराकडे, मास्तरांच्या नेमकं डोळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा पेला आणला की ती आधी विचारायची, "अहो, फूल मधोमध आहे ना?"

दोनदा.

"नाही? बरं, नीट बघा मग. मी येते शिवण आटपून." पेला स्टुलावर, त्यांना दिसेल असा. ती यायची तासाभरानं, कधी दोन तासांनी. मरू द्यायची नाही, तेवढं पाजायची. अहो-जाहो मात्र कधी सोडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जाईना. सतरा दिवस मास्तर दोनदाच पापण्या मिटत राहिले. ओठांना चिरा पडल्या.

अठराव्या दिवशी तिनं विचारलं, आणि पापणी एकदा मिटली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी! मास्तरणीला नाचावंसं वाटलं. तिनं घाईनं तीन चमचे पाणी घातलं आणि एकदम थांबली. "थांबा हं." ती ट्रंकेकडे धावली. तळातून निळा पडदा काढला, झटकला आणि पलंगावर उभी राहून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"आणि हा? हा सरळ आहे ना?"

मास्तर बघत राहिले. उजवीकडून डावीकडे, शिवणीवरून हळूहळू.

"खोटं सांगा हवं तर," ती म्हणाली. तिचा आवाज नव्या नवरीसारखा झाला होता. "फुलाचं सांगितलंत ना? तसंच हेही सांगा. एकदाच. पेला भरून पाणी देते, लगेच देते. पुन्हा कधी काही विचारणार नाही."

पापण्या मिटल्या. उघडल्या. आणि तिनं श्वास रोखला असतानाच पुन्हा मिटल्या.

मास्तरीण पलंगावरून उतरली. पडदा आखूड होता हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेवढे डोळे तिलाही होते. तीन चमच्यांसाठी हा माणूस आपल्या विद्येशी खोटं बोलला, पण तिच्यासाठी भरल्या पेल्याच्या बदल्यातही बोलला नाही.

तिनं पेला उचलला आणि त्यांच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच पिऊन टाकला. मग कात्री घेतली, खिडकीशी बसली आणि पडद्याची शिवण उसवायला लागली.

"बोटभरच ना हो?" मान वर न करता तिनं विचारलं, आणि मग राहवेना म्हणून वर पाहिलं.

मास्तरांनी पापणी एकदा मिटली.