मांडवाचे खड्डे

केवळरामजींना टेनिसमधलं काय कळत होतं? काही म्हणजे काही नाही. नेटला ते जाळी म्हणत, रॅकेटला बॅट म्हणत, आणि गुण पंधरावरून एकदम तिसावर उडी कशी मारतात, हे सहा वर्षांत त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. तरी लाखनीच्या त्या कॉलेजच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते, आणि कामिनीमॅडम तिथल्या खेळाच्या शिक्षिका, त्याही नऊ-नऊ महिन्यांच्या ऑर्डरीवर. तेव्हा बोलायचं कोणी आणि ऐकायचं कोणी, हे ठरलेलंच होतं.

कामिनीला त्यांची चीड येत होती असं नाही. चीड बरोबरीच्या माणसाची येते. केवळरामजी समोरून आले की ती थांबायची, दोन्ही हात जोडायची, मान जराशी तिरपी करायची, नजर त्यांच्या खांद्यावरून मागे कुठंतरी ठेवायची आणि मनात म्हणायची, आलं ध्यान. केवळरामजी खूश व्हायचे. बाई संस्कारी आहे, असं ते चारचौघांत सांगायचेसुद्धा.

बाकीचे तरी कुठं मोठे शहाणे होते! सहा वर्षांपूर्वी तिनं मुलींची टेनिसची टीम काढायची म्हटलं, तेव्हा अख्खी स्टाफरूम चहा सांडेपर्यंत हसली होती. स्टोअरात अनुदानातून आलेल्या सहा रॅकेटा उंदरांची वाट पाहत पडल्या होत्या, तेवढंच भांडवल. पहिल्या वर्षी चार मुली मिळाल्या. ओढणी कमरेला गुंडाळून खेळायच्या. पहिल्याच सामन्यात नागपूरच्या मुलींनी त्यांना पार धुतलं.

आणि मैदान? कॉलेजच्या मागं एक पडीक तुकडा होता, त्यालाच मैदान म्हणायचं. बॉल टाकला पूर्वेला की जायचा उत्तरेला. ते बघून तिसऱ्या वर्षी एकदा केशरबाई हसली. ही स्वातीची आई. एकोडीला त्यांची धानाची शेती, आणि स्वाती ही त्या वर्षी अकरावीला आलेली, टीममधली सगळ्यात चिवट पोरगी.

"मॅडम, हे मैदान होय का? ह्याच्यावर तं आमी गोवऱ्या बी नाई थापत," केशरबाई म्हणाली. "खळं करता येते का कोनाले तुमच्यात?"

कोणालाच येत नव्हतं. मग तिनंच शिकवलं. धान मळायचं खळं करतात तसंच. खाली मुरूम, वर तलावाची माती, पाणी मारायचं, चोपायचं, पुन्हा पाणी, पुन्हा चोपायचं, आणि मग शेणानं सारवायचं. महिनाभर पोरींचे हात सुजले. पण त्यानंतर बॉल असा सरळ आणि सारखा उठायला लागला की कामिनीला रडू आलं. दर शनिवारी पोरी स्वतः सारवायच्या. प्राध्यापक व्हरांड्यातून विचारायचे, "मॅडम, खेळ शिकवता की शेण काढाले?" शिकवून पोटं सुटलेली ही माणसं! दोन जिने चढले तरी धापा टाकायची. कामिनी त्यांनाही हात जोडायची.

त्याच वर्षी टीम पहिला सामना जिंकली. पाचव्या वर्षी उपांत्य फेरी. आणि या वर्षी थेट विद्यापीठाची फायनल, समोर गोंदियाचं कॉलेज, आणि सामना लाखनीच्याच मैदानावर.

गोंदिया म्हटल्याबरोबर केवळरामजी जागे झाले. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, तेव्हापासून त्यांच्या पोटात ते दुखणं होतंच. तिकडं काहीही झालं की यांना जेवण जात नसे. त्यांनी कामिनीला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, गोंद्याले हरवाचं. ट्रॉफी आली तं ते मैदान कायमचं तुमचं, लिहून देतो. नाई आली तं उन्हाळ्यात तिथं डी.एड.ची बिल्डिंग उभी होऊन राहिली, हे बी सांगून ठेवतो."

कामिनीनं हात जोडले. बाहेर येऊन ती मैदानाच्या कडेला जाऊन बसली. सहा वर्षांचं सगळं त्या एका तुकड्यात होतं. दुसरं तिच्याजवळ होतंच काय?

मग ती दोन दिवस नागपूरला बैठकीला गेली आणि परत येऊन बघते तर काय! मैदानावर मांडव! रंगीत कापड, मधोमध स्टेज, आणि मांडववाला टेकचंद हातात पहार घेऊन मांडवाच्या खांबाची शेवटची बल्ली गाडत होता.

"अरे, हे काय करून राहिले तुमी?" ती ओरडलीच.

"सत्कार आहे नं मॅडम, तुमच्याच टीमचा! फायनलमंधी गेल्या म्हणून. मोठे पुढारी येऊन राहिले."

ती तशीच केवळरामजींकडं गेली. समोर एवढं मोठं पटांगण मोकळं पडलंय, तिथं का नाही घातला मांडव?

"तिथं पाहुण्यांच्या गाड्या लागतीन," केवळरामजी म्हणाले. "अन् तुमचं मैदान कसं छान सारवलेलं आहे! धूळ नाई, काई नाई. चटया टाकाचीबी गरज नाई."

पोरींच्या खेळाचा सत्कार करायला यांनी पोरींचं मैदान खणलं, आणि वर ते किती स्वच्छ आहे म्हणून कौतुकही केलं. सत्कारात पुढारी पाऊण तास बोलले, त्यात टेनिसला दोनदा बॅडमिंटन म्हणाले. पोरींना शाली मिळाल्या. एकीनंही मान वर केली नाही.

मांडव उठला तेव्हा छत्तीस खड्डे होते आणि फायनलला सहा दिवस. केशरबाई आली, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला.

"भरून देऊ, मॅडम. वरून सारवलं का दिसनार बी नाई. पन भराव असा सहा दिवसांत बसत नाई. त्याले एक पावसाळा लागते."

पोरींनी भरले, चोपले, सारवले. स्वाती तर जेवायलाही उठत नव्हती. फायनलच्या सकाळी मैदान आरशासारखं दिसत होतं.

गोंदियाच्या टीमबरोबर भुपेंद्रसर आले. हे त्यांचे कोच, पन्नाशी उलटलेला साधा माणूस. या सहा वर्षांत कामिनीला न हसलेला हा एकच. तिच्याकडं बॉल घ्यायलाही काही नव्हतं तेव्हा यांनी जुन्या बॉलची पिशवी भरून एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवली होती. त्यांनी मैदानावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय केलंस गं हे! पोरींचं नशीब."

एकेरीचा पहिला सामना गोंदियानं घेतला. दुहेरी लाखनीनं. राहिली शेवटची एकेरी, स्वातीची. जी जिंकेल तिची ट्रॉफी. समोरची पोरगी उंच, हात लांब, मारा जबरदस्त. पहिला सेट स्वाती हरली. दुसऱ्यात एक-चार अशी मागं पडली. सोफ्यावर बसलेले केवळरामजी शेजारच्याला हात पसरून काहीतरी दाखवत होते, बहुधा बिल्डिंगचं दार कुठं येईल ते.

तेवढ्यात एक बॉल पडला आणि उठलाच नाही. समोरच्या पोरीची रॅकेट हवेत फिरली. लोक हसले. दोन गुणांनंतर पुन्हा तसंच. कामिनीला वाटलं, योगायोग. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं बॉल पडला ती जागा नीट पाहिली. तिथंच स्टेजचा कोपरा होता.

बाजू बदलताना स्वाती बाकावर येऊन बसली.

"मुद्दाम टाकून राहिली का तू?" कामिनीनं खालच्या आवाजात विचारलं.

"हो. खड्डे मीच भरले नं. मले सारे पाठ आहेत." स्वातीनं मान खाली घातली. "चांगलं नाई वाटून राहिलं, मॅडम. सांगा, बंद करू का?"

एवढंच विचारलं पोरीनं. हो म्हणायला किती वेळ लागतो? कामिनीनं सोफ्याकडं पाहिलं, मैदानाकडं पाहिलं. सहा वर्षं, सुजलेले हात, व्हरांड्यातलं ते हसणं.

"पाणी पी," ती म्हणाली. "अन् टोपी नीट घाल."

स्वाती पाणी प्यायली. मग टोपी नीट घालून उठली.

दुसरा सेट स्वातीनं घेतला. तिसऱ्यात समोरची पोरगी इतकी बावरली की चांगल्या जागी पडलेले बॉलही सोडायला लागली. भुपेंद्रसर उठून कामिनीजवळ आले.

"कामिनी, मैदान कुठं कुठं खचतंय का गं?"

"शेणाचं मैदान आहे, सर. असंच असतं."

"हो, असेल," ते म्हणाले आणि जाऊन आपल्या पोरीला धीर देत बसले. त्यांना शंकासुद्धा आली नाही. कामिनी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. तिथल्या तिथं गाडून घ्यावंसं वाटलं तिला.

ट्रॉफी आली. केवळरामजींनी माइक ओढला. "पाहा! मी म्हनत होतो, मांडव शुभ असते! मांडव घातला अन् गोंदिया हरलं! ही ट्रॉफी मांडवाची आहे!"

टाळ्या पडल्या. सहा वर्षांत हा माणूस टेनिसबद्दल पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि ते फक्त दोघींना कळलं. त्यांनी मैदान लिहूनही दिलं. व्हरांड्यातले प्राध्यापक आता तिला वाकून नमस्कार करत होते.

पुढच्या वर्षी टीम पुन्हा फायनलला गेली. पुन्हा गोंदियाच, पुन्हा लाखनीतच. केवळरामजींच्या शुभ मांडवासाठी आठ दिवस आधी टेकचंद बल्ल्या घेऊन आला आणि कामिनीला पाहून दूरच उभा राहिला.

"मॅडम, मागच्या साली तुमी लय ओरडल्या होत्या. यंदा बल्ल्या कोठं गाडू?"

स्वाती शेवटच्या वर्षाला होती, टीमची कॅप्टन. नव्या पोरींना घेऊन ती मैदान झाडत होती. तिनं झाडू थांबवला.

"समोरच्या पटांगनात गाडा, टेकचंदभाऊ," ती म्हणाली. "मॅडम, यंदा आपन तशाही जिंकतो. मी गोंद्याच्या त्या पोरीले चांगल्या मैदानावर हरवतो."

हरवलीही असती. कामिनीला ते माहीत होतं. पण हरली असती तर? तिनं लाइन आखायच्या चुन्याचा डबा उचलला, मैदानात शिरली आणि वाकून चिमूट-चिमूट चुना टाकत चालायला लागली.

"इथं गाडा. इथं. अन् स्टेज मागच्या वर्षीच्याच जागी."

छत्तिसावी चिमूट टाकून ती सरळ झाली, तेव्हा समोर स्वाती उभी होती. तिनं दोन्ही हात जोडले, मान जराशी तिरपी केली आणि नजर कामिनीच्या खांद्यावरून मागे कुठंतरी ठेवली.