हौद बंद करून मिळतील

लेआंद्रने परसातल्या पोहण्याच्या हौदाभोवती दुसरी फेरी मारली, कडेची ताडपत्री चाचपली आणि घसा खाकरला.

"मादाम प्रोनोव्हो, हा तर बंदच आहे."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

थंडीने पाणी गोठायच्या आत लोकांचे हौद बंद करून द्यायचे, हा धंदा काढून त्याला बारा दिवस झाले होते. कागद गिरणी बंद पडून नोकरी गेल्यावर शाविनिगनमध्ये याच्या तिघा सोबत्यांनी केशकर्तनालयं काढली होती आणि गावात डोक्यांपेक्षा कात्र्या जास्त झाल्या होत्या, म्हणून याने हौदाच्या नळ्यांतलं पाणी फुंकून काढायचा कॉम्प्रेसर घेतला. हे पहिलं गिऱ्हाईक. आजही हात हलवत परतला तर बायको कॉम्प्रेसर विकणार होती.

"गेल्या ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याने, ऑरेलने बंद केला," बाई म्हणाल्या. "जानेवारीत तो गेला. उन्हाळाभर मी उघडला नाही. दोरीची ती गाठ त्याच्या हातची आहे."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"अजून एक हिवाळा निघेल का, ते सांगायला."

निघेल म्हणून पैसे घेऊन जाणं अगदी सोपं होतं. लेआंद्रने लांब दांड्याने ताडपत्री मधोमध दाबली. दांडा खाली जातच राहिला.

"बर्फाचा दाब झेलणारी आतली हवेची उशी बसलीय. बर्फ फुगला की भिंत फुटेल. उघडावा लागेल."

"गाठ न सोडता उघड."

"असं होत नाही, मादाम."

"ऑरेलही आधी हेच म्हणायचा."

दोन तासांचं काम साडेपाच तास चाललं. गाठीच्या समोरच्या बाजूला त्याने दोरी कापली आणि ताडपत्री निम्मी गुंडाळली. आत एक बेडूक घरमालकाच्या नजरेने बघत बसला होता. त्याला आधी शेजारच्या ओढ्यात पोचवून आला. मग पाणी हातभर उतरवलं, नळ्या फुंकून कोरड्या केल्या, नवी उशी सोडली आणि कापलेल्या दोरीला आपली गाठ मारली.

शेवटी त्याने वसंतापर्यंतचं हमीपत्र गुडघ्यावर ठेवून भरलं. 'कारागीर' पुढे बराच वेळ पेन थांबलं. तिथे त्याने ऑरेल प्रोनोव्हो असं लिहिलं. खाली जागा नव्हती, म्हणून हाताने रेघ ओढून 'मदतनीस' लिहिलं आणि स्वतःचं नाव घातलं.

बाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"त्याच्या हाताखाली कुणी टिकायचं नाही."

"मीही दोनदा वैतागून गाडीपर्यंत जाऊन आलो."

कागदाची घडी खिशात घालून त्या हौदापाशी गेल्या. नवी गाठ त्यांनी दोन बोटांनी ओढून पाहिली.

"ही सैल आहे."

लेआंद्रने हातमोजे काढले आणि ती सोडायला घेतली.