बिनगाडीचा रस्ता

आमच्या घरात सायकलचा विषय निघाला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. पण दुसऱ्या खोलीत जायचं तर पॅसेजमधूनच जावं लागतं, आणि पॅसेजमध्ये फ्रिजला टेकून माझी निळी सायकल उभी असते. गेली तीन वर्षं ती तिथेच आहे. येता-जाता तिच्या हँडलला माझी बाही अडकते. हिला इथून हलव म्हटलं की नवरा म्हणतो, तूच चालवत बाहेर ने की.

तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या चौकात मागून आलेल्या एका डिलिव्हरी व्हॅनचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी पडले, घोट्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसली. नवरा माझ्या पुढे होता. तो मजेत माझ्याशी बोलत पायडल मारत राहिला, आणि मी मागे नाही हे त्याला पुढच्या सिग्नलला कळलं. घोटा भरून आला, पण मागून इंजिनाचा आवाज आला की अजूनही माझे पाय गळतात. फुटपाथवरून चालतानासुद्धा मी सारखी मागे वळून बघते. मी दातांच्या कवळ्या बनवते. लॅबमध्ये दिवसभर घासायच्या मोटारी कानाशी घरघरत असतात, त्याचं मला काही वाटत नाही, कारण त्या समोर असतात. टेबल मात्र मी भिंतीला पाठ लागेल असं फिरवून घेतलंय. मालकांनी कारण विचारलं तेव्हा, इकडून उजेड चांगला येतो, असं ठोकून दिलं.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने विषय सोडला असता. माझ्या नवऱ्याने नकाशा आणला. तो शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे नकाशा समोर आला की त्याची तहानभूक हरपते. जिथे एकही गाडी फिरकत नाही असा रस्ता शोधायचा आणि त्यावर मला पुन्हा सायकलवर बसवायचं, असा त्याने चंग बांधला. मला बसायचंय का, हे विचारावं असं काही त्याला वाटलं नाही. जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलेला, आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर माझे चार चांगले कप. चहा आम्ही स्टीलच्या पेल्यांतून प्यायचो आणि बोटं भाजून घ्यायचो.

रविवार आला की रस्ता बघायला निघायचं. कशातून, तर माझ्या धाकट्या दिराच्या गाडीतून. गाड्या नसलेले रस्ते गाडीत बसून शोधणारी माणसं आमच्याशिवाय दुसरी नसतील. एका रस्त्यावर पोचतो तर समोरून खडीचे ट्रक, एकामागून एक. दुसरा खरोखर शांत होता, कारण तो एका शेताच्या फाटकाशी जाऊन संपत होता. तिसऱ्यावर बदकं होती. बदकं चालतील की नाही यावर दोघा भावांनी परतीच्या वाटेवर वाद घातला आणि मी मागच्या सीटवर कपाळाला बाम चोळत बसले.

शेवटी मी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. लॅबमधल्या रिसेप्शनिस्टला सायकल हवी होती. तिला देऊन टाकते, म्हटलं. नवऱ्याने दोन दिवस पुन्हा नकाशात डोकं घातलं. मग म्हणाला, येत्या रविवारपर्यंत थांब. एकही गाडी नसलेला रस्ता मिळाला तर एकदा, फक्त एकदा, त्याच्यावरून सायकल चालव. एक जरी गाडी दिसली तरी सायकल तिची. कटकट संपेल म्हणून मी हो म्हटलं. असा रस्ता कुठेच नसणार याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर तो नसावा असंच मला वाटत होतं. मला भीती वाटत होती, आणि हे त्याला सांगायची लाजही वाटत होती.

रविवारी तो उजाडायच्या आत स्वतःची सायकल घेऊन निघून गेला. जेवायची वेळ झाली तरी त्याचा पत्ता नाही, फोन नाही. ठरल्याप्रमाणे, सायकल रिसेप्शनिस्टकडे पोचवायला दीर गाडी घेऊन आला. आम्ही सायकल गाडीच्या मागच्या स्टँडवर चढवली आणि मी दोरीने घट्ट बांधली. घराला कुलूप लावण्याआधी मी मोकळ्या पॅसेजमधून उगाचच एक फेरी मारली. फ्रिजपाशी सवयीने अंग चोरलं, आणि स्वतःचाच राग आला.

अर्ध्या वाटेत नवऱ्याचा फोन आला. आवाज लॉटरी लागल्यासारखा. रस्ता मिळाला, म्हणाला. कालव्याच्या कडेचा जुना रस्ता, नवा हायवे झाल्यापासून तिकडे कुणी येत नाही. सकाळपासून एक गाडी दिसली नाही. मग सहज आठवल्यासारखं त्याने सांगितलं की तो जरासा पडलाय, आणि गळ्याखालचं हाड बहुतेक मोडलंय, कारण डावा हात उचलवत नाही. ॲम्ब्युलन्स बोलावलीस का, मी विचारलं.

"ॲम्ब्युलन्स कशी बोलावू?" तो म्हणाला. "ती गाडीच ना."

मी फोन स्पीकरवर टाकून दिराच्या पुढ्यात धरला, कारण मी तोंड उघडलं असतं तर काही खरं नव्हतं. दिराने रस्ता विचारून घेतला. कालव्यापर्यंत या, आत गाडी घालू नका, असं नवऱ्याने पुन्हा पुन्हा बजावलं. दीर बरं म्हणाला. त्या घरातले सगळे एका माळेचे मणी.

कालव्यापाशी पोचलो तर रस्त्याच्या तोंडावर ट्रॅक्टर आडवा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चर. ट्रॅक्टरवर माणूस नाही आणि किल्लीही नाही. दिराने हॉर्न वाजवून पाहिला, एक बगळा तेवढा उडाला. मी पुन्हा फोन लावला. नवऱ्याने खुलासा केला की तो पडला तेव्हा शेतातला एक ट्रॅक्टरवाला धावत आला. तुम्हाला ट्रॅक्टरवर घालून नेतो म्हणाला. याने त्याला नको सांगितलं. उलट, तेवढा ट्रॅक्टर रस्त्याच्या तोंडाशी आडवा लावा म्हणजे कुणी गाडी आत आणणार नाही, अशी विनंती केली. तो भला माणूस ट्रॅक्टर लावून, बांधाबांधाने चालत, याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन परत गेला होता.

"किती आत आहेस?" मी विचारलं.

"दोन-अडीच किलोमीटर. सायकलने काहीच नाही."

मला तेव्हाच संशय आला. पण हाड मोडलेल्या माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

मी दिराला म्हटलं, तू जा सायकल घेऊन. त्याने माझ्या सायकलकडे पाहिलं, स्वतःच्या लांबलचक तंगड्यांकडे पाहिलं.

"वहिनी, मी जाईन हो," तो म्हणाला, "पण त्याला जे ऐकवायचंय ते तुम्हालाच ऐकवायचंय ना?"

ते मात्र खरं होतं. मी दोरी सोडायला घेतली. गाठ मीच बांधलेली, ती काही केल्या सुटेना. दिवसभर लोकांचे दात बनवणाऱ्या बाईने शेवटी स्वतःचे दात लावून ती सोडवली. ट्रॅक्टरच्या बाजूने सायकल उचलून पलीकडे नेली आणि बसले. हँडल आपोआप डावीकडे-उजवीकडे जात होतं. चाकांत हवा मात्र गच्च होती. तो दर महिन्याला हवा भरायचा आणि मी दर महिन्याला त्याला हसायचे.

वाटेत काय होतं म्हणाल तर मला फार सांगता येणार नाही. कडेला उंच गवत होतं, पाणी होतं, चाकांखाली खडे वाजत होते. मी त्याला काय काय सुनवायचं याची उजळणी करत होते. व्हॅनपासून सुरुवात करायची, मग कप, मग बदकं, शेवटी ॲम्ब्युलन्स. एका वळणावर मला आणखी एक झकास वाक्य सुचलं आणि ते विसरू नये म्हणून मी जोरात पायडल मारलं.

तो एका मोरीच्या कठड्यावर बसला होता. हात ट्रॅक्टरवाल्याच्या मफलरने गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक. ट्रॅक्टरवाला बाटली धरून शेजारी उभा. मी सायकल गवतात टाकली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. पडलास कसा, हे विचारल्यावर मात्र तो ट्रॅक्टरवाल्याकडे बघायला लागला.

"मागून गाडी येतेय का बघायला वळले होते," ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. "समोरचा खड्डा दिसला नाही, ताई."

मी कपाळावर हात मारला. बिनगाडीच्या रस्त्यावर गाडी बघायला वळून पडलेला माणूस, आणि त्याच्याशी मी लग्न केलंय.

"आणि तू?" नवऱ्याने विचारलं. "तू किती वेळा मागे बघितलंस?"

मी एकदाही बघितलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, आणि ते त्याच्यासमोर आलं म्हणून आणखी संताप आला.

ट्रॅक्टर हलवायला हवा होता. ट्रॅक्टरवाला नवऱ्याची सायकल घेऊन निघाला आणि त्याने तिचा पहिलाच गिअर असा काही करकरत टाकला की नवरा हाड मोडल्याने विव्हळला नसेल इतका विव्हळला. थोड्या वेळाने दिराची गाडी आली. आम्ही दोघांनी त्याला धरून पुढच्या सीटवर बसवलं. दीर माझी सायकल स्टँडवर चढवायला वळला, तर नवरा खिडकीतून म्हणाला, राहू दे. तिला पुढे जाऊ दे. ती दिसेनाशी झाली की मग इंजिन चालू कर.

"हाड मोडलंय तुझं," मी म्हटलं. "इथे उन्हात बसून राहणारेस?"

"तुझ्या मागे गाडी नको," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम जमला होता.

या माणसावर नुसतं रागावून राहता आलं असतं तर माझा संसार फार सोपा झाला असता.

"या मागून," मी म्हटलं. "पण हळू. आणि हॉर्न वाजवलात तर दोघांनाही कालव्यात ढकलीन."

मी निघाले. मागे इंजिन चालू झालं आणि पाय गळालेच. पायडल जड झालं. आवाज जवळ येत नव्हता, पण जातही नव्हता. मी मागे वळून बघितलं. नवऱ्याने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं होतं.

"मागे बघू नकोस," तो ओरडला. "मागचं मी बघतोय. तू पुढे बघ."

हे त्याला तीन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं, असं मी मनात म्हटलं आणि पुढे बघितलं. चाकाच्या अगदी पुढ्यात त्याचा तो खड्डा होता. मी तो चुकवला आणि चालवत राहिले.