सव्वादोनचं पाणी

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि दुसऱ्याच दुपारी सव्वादोनला खिडकीला बांधलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी पडलं. सपकन्. एकदा, दोनदा, तीनदा. मग ताटीच्या बांबूवर दोन ठोके. ठक, ठक.

चारुलता चटईवर पडली होती, ती ताडकन उठून बसली. शेजारी पडलेल्या वहिनीनं, प्रेमिलानं, तिचं मनगट धरलं.

"उठू नको वं."

"कोण आहे ते पाहते."

"पाहू नको. पाह्यलं का ते जातीन."

ओल्या वाळ्याचा वास हळूहळू खोलीभर पसरला. प्रेमिलानं डोळे मिटून घेतले. गेल्या दोन आठवड्यांत ती पहिल्यांदाच गाढ झोपली.

जुनी शुक्रवारीतलं हे दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी देवरावनं स्वतः बांधली होती. तो टपालाच्या कामाला होता. रात्रभर स्टेशनात पत्रं गावागावांप्रमाणे वेगळी करायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. दुपारी तो एकदाच उठे. पितळी गडव्यानं ताटीवर तीनदा पाणी मारी, उरलेले थेंब झटकायला गडवा बांबूवर दोनदा आपटी आणि आत येऊन चारपर्यंत पुन्हा झोपे. घड्याळ लावावं इतका हा नेम चोख होता. एप्रिलच्या वीस तारखेला ड्यूटीवरून परतताना तो सायकलसकट रस्त्यात कोसळला. घरी आणेपर्यंत संपलेला होता. अडतीस वर्षांचा माणूस, कधी साध्या पडशानंही आडवा न झालेला.

आता तो आला होता, असं प्रेमिलाचं म्हणणं होतं. आणि तो रोज येऊ लागला.

चारुलता देवरावची धाकटी बहीण. भावाकडेच राहून तिनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं, की दोन वाजले की आपण वाचत असलेलं पान उलटत नाही. डोळे ओळींवरून फिरतात आणि कान खिडकीशी असतात. पाणी पडलं की छातीतली धडधड थांबायला काही मिनिटं लागत. तिनं नाडी मोजून पाहिली होती. मिनिटाला एकशे दहा.

खरी काळजी वेगळीच होती. देवरावच्या जागी प्रेमिलाला नोकरी द्यायला टपाल खातं तयार होतं. ती मॅट्रिक झालेली. दिवसाचं काम, दहा ते पाच, शिक्के मारायचे, नोंदी ठेवायच्या. एक जूनला, सोमवारी, हजर व्हायचं. न झाल्यास जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि मग प्रेमिलाला उमरेडला भावाच्या घरी जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चंपतभाऊ माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या घरी एक विधवा आत्या होती, ती वीस वर्षं चुलीमागच्या कोपऱ्यातून उठली नव्हती. प्रेमिलानं तिला पाहिलेलं होतं आणि लग्नाआधी तिच्याबद्दल बोलताना ती रडायची.

"वहिनी, सोमवारी जायचं आहे नं?" चारुलता रोज विचारी.

"दुपारची कशी जाऊ वं? मी घरी नसली त त्याहीनं पाणी कोणासाठी टाकायचं?"

चारुलता पाणी भरायला उठे. भाऊ मेला आहे हे वहिनीला पुन्हा सांगायचं, तर ते स्वतःच्याच तोंडून ऐकावं लागलं असतं.

तेराव्यापासून प्रेमिला उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. नळाचं पाणी, भाजी, रेशन, सगळं चारुलता करी. मेच्या अखेरचा नवतपा, सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला. पारा शेहेचाळीसवर गेला. दुपारी बारापासून पाचपर्यंत गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना. दारं बंद, खिडक्या बंद, आणि सगळ्या वस्तीवर पांढरं ऊन. अशा वेळी बाहेर कोण येऊन पाणी मारील? पाण्यानंतर पावलांचा आवाज कधीच येत नसे. एकदा वहिनी झोपल्यावर चारुलता हळूच मागच्या दारानं बाहेर गेली. खिडकी आणि मागच्या घराच्या अंगणाची भिंत यांत जेमतेम दोन हातांची बोळ. फरशी ओली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत कडेकडेनं सुकत चालली होती. ओलं पाऊल कुठेच नव्हतं.

ती आत आली तेव्हा तिचे हात गार पडले होते. त्या उन्हात.

मंगळवारी सकाळी प्रेमिला आंघोळीला गेली, तेव्हा चारुलतानं चुलीतली राख चाळून खिडकीखालच्या फरशीवर पातळ पसरली. पाण्याचा थेंब सरळ वरून पडला तर खड्डा गोल होतो. तिरका आला तर लांबट, आणि शेपटी त्याच्या जाण्याच्या दिशेला. अडीचला ती बोळीत जाऊन वाकून पाहू लागली. खड्डे लांबट होते. सगळ्यांच्या शेपट्या घराकडे. म्हणजे पाणी भिंतीपलीकडून, वरून येत होतं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. आपल्याला रडू का येतंय हे तिला कळेना.

मागच्या घराचं दार पलीकडच्या गल्लीत होतं. तिथे महादेवराव एकटे राहत. गिरणीतून निवृत्त, बायको केव्हाच वारलेली, पोरगा कामठीला. बुधवारी सकाळी चारुलता त्यांच्याकडे गेली.

"काकाजी, दुपारी आमच्या ताटीवर पाणी तुम्ही टाकता?"

म्हातारा चोरी सापडल्यासारखा हसला. "मीच टाकतो, पोरी. काहून? अंदर गळून राहिलं का?"

"नाही. पण ते ठोके?"

"हे पाय." त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "गडवा पोचत नाही तेथवर. म्हून काठीनं ठोकतो."

"पण कशासाठी?"

महादेवराव खाटेवर बसले. "सहा वर्सं तुया भावानं मले दुपारचं झोपू देल्लं नाही. डोळा लागला का, ठक ठक! मी इथून ओरडू, 'झोपू दे नं गा देवराव!' तो तिथून हासे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठक ठक. मी म्हणो, हा माणूस मले मारूनच जाईन." त्यांनी काठी खाटेला टेकवली. "आता तो नाही. मस्त शांती आहे. अन् मले झोपच नाही. पडून राह्यतो अन् वाट पाह्यतो, ठोके वाजाचे राह्यले म्हणून. म्हटलं, आपणच ठोकून पाहू. अन् पोरी, लागली झोप! शिवाय बाई अंदर भाजून राहिली असंन, तिलेही थंडक."

"वहिनीला वाटतं दादा येतो."

 "म्हणजे मी भूत? जित्तेपणीच?" पण पुढचा विनोद त्यांच्या ओठांवर आला नाही. "अरे बापा. हे मले नव्हतं मालूम."

"उद्यापासून नका टाकू. तिला नोकरीवर जायचं आहे. पाणी बंद झालं की आपोआप तिच्या मनातून जाईल."

हे चारुलताचं गणित होतं. कारण काढून घेतलं की परिणाम थांबतो. तिनं ते दोनदा तपासलं आणि तिला त्यात चूक सापडली नाही.

गुरुवारी सकाळी प्रेमिलानं आपणहून नोकरीचा कागद वाचायला मागितला. दोनदा वाचला, सहीची जागा कुठे आहे ते पाहिलं आणि घडी घालून उशीखाली ठेवला. चारुलता मनात म्हणाली, बरोबर वेळेला जमून आलं.

दोन वाजले. सव्वादोन. अडीच. ताटी कोरडी ठणठणीत होती, तिच्यातून भट्टीसारखी झळ येत होती. प्रेमिला भिंतीला टेकून बसली होती, नजर खिडकीवर. चार वाजले तेव्हा तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. चारुलतानं पन्हं पुढे केलं, ते तिनं बाजूला सारलं.

"मी कागद हाती घेतला, म्हून ते गेले," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "त्याहीले नाही आवडलं."

"वहिनी, तसं नाही..."

"चंपतभाऊले कार्ड टाक. म्हणा, येऊन घेऊन जा."

त्या रात्री ती जेवली नाही. शुक्रवारी सकाळी तिनं ट्रंक ओढून तिच्यात लुगडी भरायला घेतली. पांढरी वर, रंगीत खाली. चारुलता दारात उभी राहून पाहत होती. कारण काढून घेतलं होतं, आणि परिणाम त्या ट्रंकेत घड्या घालून चालला होता. तिनं स्वतःलाही विचारलं, की काल सव्वादोनला तू कशाची वाट पाहत होतीस? तुला तर सगळं माहीत होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला तिनं सांगून टाकलं.

"वहिनी, पाणी मागचे महादेवकाका टाकत होते. मीच त्यांना बंद करा म्हटलं."

प्रेमिलाचे हात लुगड्यावर थांबले. "कोण म्हणते?"

"ते स्वतः म्हणाले. आणि मी आधी तपासलं. खिडकीखाली राख पसरली होती, तिच्यात थेंबांच्या खुणा..."

"राख?" प्रेमिला सावकाश उभी राहिली. "तुया भावाची राख सावडून दीड महिना नाही झाला, अन् तू त्याच्यासाठी राख पसरून बसली?"

चारुलताला हे एकदाही सुचलं नव्हतं. चुलीची राख, एवढंच तिला दिसलं होतं. तेवढ्यात वहिनी तिच्या शेजारून निघून गेली. डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि दार उघडून उन्हात पाऊल टाकलं.

गल्लीतून वळसा घालून ती महादेवरावांच्या दाराशी पोचेपर्यंत चारुलता धावत मागे आली होती.

"काकाजी!" प्रेमिलानं कडी वाजवली. "उघडा."

म्हातारा बनियनवर दारात आला आणि तिला पाहून मागे सरला. "ये बाई, ये. अशी उन्हात काहून..."

"तुम्हीच टाकत होते?"

"हो."

"ठोके बी?"

"ठोके बी."

"मले दाखवा. कसं टाकता ते."

महादेवरावांनी चारुलताकडे पाहिलं, आणि मागच्या अंगणात जाऊन बादलीतून गडवा भरला. स्टूल भिंतीशी ओढलं. चढताना त्यांचे गुडघे कडकड वाजले. भिंतीवरून हात लांब करून त्यांनी पाणी फेकलं. एकदा. बरंचसं खाली गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग काठी घेतली, नेम धरला आणि ठोकलं. ठक, ठक.

प्रेमिला मागच्या दाराच्या पायरीवर उभी राहून पदराखालून पाहत होती. तिथून भिंतीवरून तिला तिच्याच घराची खिडकी दिसत होती. बाहेरून. ताटीचा एक कोपरा फाटलेला, त्याला देवरावनं सुतळीनं टाका घातलेला. ती खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिली. कोणीतरी तिथे यावं इतका वेळ. कोणी आलं नाही. भिंतीवरून पाण्याचे थेंब ओघळून मध्येच सुकत होते.

"बस, इतकंच?" ती म्हणाली.

"इतकंच, बाई." म्हातारा स्टुलावरच उभा होता, हातात काठी. "माफ कर. मले वाटलं..."

"उतरा खाली. पडसान." तिनं पुढे होऊन स्टूल धरलं. ते उतरल्यावर तिनं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. "सोमवारपासून मी ऑफिसात जाईन. चारू एकटी असते घरी, तिले ऊन लागंन. पाणी टाकत जा. पण ठोके नोका देऊ."

"नाही देत."

"ठोके त्याहीचे होते."

महादेवरावांनी गडवा बादलीशेजारी पालथा घातला. 

सोमवारी नऊ वाजता प्रेमिला फिकट निळं लुगडं नेसून निघाली. हातावरच्या घड्याळाची वेळ दोनदा पाहिली. दारातून वळून म्हणाली, "भात झाकून ठेवला आहे. जेवून घेजो," आणि चालू लागली. चारुलता ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. मग तिनं चंपतभाऊला दुसरं कार्ड लिहिलं, येऊ नका म्हणून. जेवली. चटई टाकून पडली.

दुपारी सव्वादोनला पाणी आलं. भिंतीची उंची तिला माहीत होती, बोळीची रुंदी, स्टुलाची उंची, म्हाताऱ्याच्या हाताची लांबीसुद्धा. सपकन्, एकदा. दोनदा. तीनदा.

वाळ्याचा वास आत आला. ती निश्चल पडून राहिली. आता ठोके येणार नव्हते, हे तिला माहीत होतं, आणि ती ऐकत होती. मिनिट गेलं. दुसरं गेलं. ताटीतून टपटप गळणारं पाणीसुद्धा थांबलं. इतकी शांतता त्या घरात कधीच नव्हती. दादा झोपलेला असतानासुद्धा त्याचा श्वास ऐकू यायचा.

ती रडू लागली, आवाज न करता, कानात पाणी जाईपर्यंत. भिंतीपलीकडे महादेवरावांची खाट करकरली, मग पुन्हा करकरली. त्यांनाही झोप लागत नव्हती.